गाव अपुरं पडतं तेव्हा

रविवारची मिस्सा नुकतीच संपली आहे. धुपाचा वास अजून छताखाली रेंगाळतो आहे आणि दगडी फरशीची थंडी बुटांतून पायात चढते आहे. तुम्ही दाराकडे निघालात, तेवढ्यात धर्मगुरूंनी खूण करून वेदीमागच्या खोलीकडे बोलावलं. झगे बदलायची, मिस्सेची भांडी ठेवायची ती खोली. एरवी तिथे कोणी जात नाही. आज मात्र रांग लागली आहे. पुढे शेजारी, मागे मावशी, तिच्यामागे निम्मं गाव.

कपाटासमोरच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं आहे आणि त्यावर काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या आहेत. खालच्या पार्मा शहरातल्या विद्यापीठातून माणसं आली आहेत. बाही वर करा, म्हणतात. हे कशासाठी, ते तुम्हाला नीटसं कळलेलं नाही. पण धर्मगुरू शेजारी उभे आहेत. तुमचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा, वडिलांना शेवटचा निरोप त्यांनीच दिला. ते म्हणतात द्या, म्हणून तुम्ही हात पुढे करता. सुई टोचते, नळीत लाल रेघ चढते, संपलं. पुढचा येतो.

1950 नंतरची ही काही वर्षं आहेत. उत्तर इटलीत पार्मा नदी अपेनाइन पर्वतातून निघते आणि सुमारे 90 किलोमीटर खाली उतरून पो नदीला मिळते. तुमचं गाव या दरीच्या अगदी वरच्या अंगाला आहे. वस्ती दोन-तीनशे माणसांची. चेस्टनटची झाडं, थोडी गुरं, हिवाळ्यात बर्फ. निम्म्या घरांचं आडनाव एकच, आपल्याकडे कोकणातल्या एखाद्या वाडीत असतं तसं. खाली लांगिरानोच्या टेकड्यांवर गावं मोठी होत जातात आणि मैदानात तर शहरच लागतं.

तुमचं रक्त आज त्या शहरात जाईल. तिथे काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवतील, त्यात सीरमचा एक थेंब घालतील आणि पट्टी हळूच डोलवतील. मिश्रण एकसारखं लाल राहील, नाहीतर दूध नासावं तसे त्यात कण धरतील. कण धरले की एक उत्तर, नाही धरले की दुसरं. ए, बी, ओ. एम आणि एन. आरएच आहे की नाही. डीएनएची अक्षरं वाचायचं तंत्र यायला अजून दोन दशकांहून जास्त काळ आहे. तोवर माणसाच्या वंशपरंपरेत डोकावायची खिडकी एवढीच.

या उद्योगामागचा माणूस तिशीतला आहे. लुईजी लूका कावाल्ली-स्फोर्झा. जन्म 1922 चा, जेनोवाचा. शिक्षण वैद्यकाचं, पण दवाखान्यात मन रमलं नाही. 1948 पासून दोन वर्षं ते केंब्रिजला अनुवंशशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे होते आणि जीवाणूंच्या अनुवंशिकतेवर काम करत होते. जीवाणूंचं एक बरं असतं. त्यांची पिढी वीस मिनिटांत पालटते. सकाळी प्रयोग मांडला तर संध्याकाळपर्यंत पणतवंडं, खापरपणतवंडं समोर. माणसाची पिढी मात्र पंचवीस-तीस वर्षांची. दहा पिढ्या बघायच्या तर अडीचशे-तीनशे वर्षं सलग नोंद ठेवणारा कोणीतरी हवा. असा कोण असतो?

1951 साली पार्मा विद्यापीठाच्या वर्गात या प्रश्नाला उत्तर मिळालं. कावाल्ली-स्फोर्झा तिथे शिकवत होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत एक धर्मगुरू होता, अंतोनिओ मोरोनी. त्यानं सांगितलं, की आमच्या चर्चमध्ये चोपड्या आहेत. जन्माच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या. शतकानुशतकांच्या. नात्यातल्या लग्नांचे कागद तर वेगळेच ठेवलेले आहेत. सगळी कारकीर्द एका वाक्यानं वळते असं क्वचित होतं. इथे झालं. त्या वाक्यावर उभं राहिलेलं काम पन्नास वर्षं चाललं.

त्या चोपड्यांकडे जायचं तर तुम्हाला तीनशे वर्षं मागे जायला हवं. तेच गाव. तेच चर्च, छप्पर तेवढं जुनं. आता तुम्ही इथले धर्मगुरू आहात. जानेवारीची दुपार आहे. बर्फातून वाट काढत एक माणूस आला आहे आणि त्याच्या अंगरख्याच्या आत, पोटाशी धरलेलं, कालच जन्मलेलं मूल आहे. इतक्या थंडीत एवढंसं पोर बाहेर का काढलं, असं विचारायचं कारण नाही. बाप्तिस्म्याशिवाय ते गेलं तर काय, ही भीती थंडीपेक्षा मोठी आहे. तुम्ही पाणी घालता, नाव उच्चारता, पोर किंचाळतं. मग तुम्ही चोपडी उघडता. शाई घट्ट झालेली, ती श्वासानं ऊब देऊन पातळ करावी लागते. तारीख. मुलाचं नाव. बापाचं नाव. आईचं नाव. आणि ज्यांनी मुलाला हातावर धरलं त्या धर्ममातापित्यांची नावं.

ही शेवटची नावं कशाला? तुम्हाला तसा हुकूम आहे. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं, की लग्न धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोर व्हावं, त्याआधी ते तीन सणांच्या दिवशी चर्चमध्ये जाहीर करावं आणि नावं, दिवस, जागा पुस्तकात लिहून ठेवावी. मुलाला हातावर धरणारे त्याचे आध्यात्मिक नातेवाईक ठरतात, त्या नात्यातही लग्न वर्ज्य, म्हणून तीही नावं लिहावीत. सारा खटाटोप एवढ्यासाठी, की कोण कोणाचं कोण हे पक्कं ठाऊक असावं आणि चुकीच्या नात्यात लग्न लागू नये. तुमच्या समोरच्या या चोपडीचा हेतू तेवढाच आहे. अनुवंशशास्त्र हा शब्दही जन्मलेला नाही. पण एका कुग्रामातल्या गुराख्याच्या मुलाचं नाव, त्याच्या आईच्या नावासकट, तुम्ही आज लिहिलंत. राजघराण्यांच्या वंशावळी जगभर सापडतात. गुराख्याची सापडते ती अशा चोपडीमुळेच. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त आदर त्या थंडीत लिहिणाऱ्या हाताबद्दल वाटतो.

तिथून शंभर वर्षं पुढे या. आता तुम्ही गावातली एक मुलगी आहात. पंचवीस पूर्ण झाली आहेत. आई रोज देवापुढे मेणबत्ती लावते. तुमच्या मनात एक मुलगा आहे, त्याच्याही मनात तुम्ही आहात, दोन्ही घरं राजी आहेत. अडचण अशी, की तुमचे आणि त्याचे खापरपणजोबा एकच. धर्माच्या हिशेबानं हे चौथ्या पायरीचं नातं आणि 1215 च्या धर्मसभेपासून चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला मनाई आहे. पण गावात दुसरं आहे कोण? बोटं मोजून लग्नाची सहा-सात मुलं. दोघं तुमचे सख्खे चुलतभाऊ, एक मावसभाऊ, बाकीचे कुठे ना कुठे त्याच खापरपणजोबाला जाऊन मिळणारे. पलीकडच्या गावाला जायचं तर खिंड ओलांडायची, आणि तिथल्या मुलाला हुंडा द्यायचा, तो नाही.

धर्मगुरू तुम्हाला समोर बसवतात आणि सूट मागायचा अर्ज लिहायला घेतात. सुटीला कारण लागतं आणि कारणांची ठरलेली लॅटिन नावं आहेत. मुलीचं वय चोविसाच्या पुढे गेलं, हे एक कारण. हुंडा पुरेसा नाही, हे दुसरं. तिसरं कारण ते शांतपणे लिहितात: आंगुस्तिया लोची. शब्दशः जागेची चिंचोळी अवस्था. म्हणजे गाव एवढं लहान, की नात्याबाहेरचा साजेसा मुलगा मुलीला मिळणं कठीण. आपल्या भाषेत, गाव अपुरं पडतं.

तुम्हाला सूट मिळते. तुमचं लग्न लागतं. अर्ज मात्र राहतो.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. आपल्याकडेही सूत्रं आहेतच, फक्त वेगळी. गोत्र एक नको, चुलत आणि मावस भावंडांत नको, पण अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, काही घरांत तर तिच्यावर हक्कच सांगितला जातो. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर 1953 साली जो ग्रंथ लिहिला, त्यात उत्तर आणि दक्षिणेच्या अशा रीतींचा नकाशाच मांडला होता आणि महाराष्ट्र त्या दोहोंच्या सीमेवर उभा असलेला दिसला. पार्माच्या दरीत मामाच्या मुलीसाठीही वरून परवानगी आणावी लागली असती. एवढा फरक सोडला तर पंचविशीच्या त्या मुलीची काळजी आणि तिच्या आईची मेणबत्ती आपल्याला ओळखीचीच आहे.

आता परत त्या काचेच्या नळ्यांकडे. मोरोनी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आहेत, चोपड्या उतरवून घेतल्या आहेत, मिस्सा संपल्यावर रक्त घेतलं आहे. वरच्या पहाडी गावांपासून खालच्या शहरापर्यंत एका नदीकाठची सारी गावं हाताशी आहेत. आणि आकड्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसते आहे. मैदानातली गावं एकमेकांसारखी आहेत. एकीकडे ए गट जितका, तितकाच जवळजवळ शेजारी. टेकड्यांवर फरक थोडा वाढतो. आणि अगदी वर, जिथे दोन-तीनशे माणसांची वस्ती, तिथे गावागणिक चित्र पालटतं. एका गावात जो गट भरपूर, तो पलीकडच्या गावात जेमतेम. हवा तीच, पाणी तेच, धर्म तोच, जेवण तेच, मग हे का?

त्या काळच्या मोठ्या माणसांत यावर वाद होता. कावाल्ली-स्फोर्झांचे गुरू फिशर निसर्गाच्या निवडीला जवळजवळ सगळं श्रेय देत. जो गुण टिकला, तो उपयोगाचा म्हणूनच टिकला. अमेरिकेतले अनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट म्हणत, की लहान समूहात नुसत्या योगायोगानंही बरंच काही घडतं. आता कल्पना करा, तुमच्या दोनशे वस्तीच्या गावात बी गटाची दोनच घरं आहेत. एका घरातला मुलगा हिवाळ्यात कामाला खाली गेला तो परत आला नाही. दुसऱ्या घरातली मुलगी मठात गेली. संपला बी गट. तो वाईट होता म्हणून गेला नाही. दहा हजारांच्या शहरात अशी दोन घरं बुडाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण बी गटाची हजार माणसं उरतात. दोनशेच्या गावात तीच घटना इतिहास ठरते. शास्त्रात याला जनुकीय विचलन म्हणतात. शब्द जड आहे, पण घडतं ते असं घरगुती.

हे खरं असेल तर गावाची लोकसंख्या आणि बाहेरून येणाऱ्या नवरानवरींची संख्या, एवढ्या दोन गोष्टींवरून फरक किती असायला हवा हे आधीच सांगता यायला हवं. दोन्ही गोष्टी चोपड्यांत होत्या. किती जन्मले, किती गेले, लग्नातली मुलगी कुठल्या गावची, मुलगा कुठल्या गावचा. त्यांनी गणित मांडलं. संगणकात खोटी गावं वसवली, त्यांत खोट्या माणसांची लग्नं लावली, पिढ्या पुढे नेल्या आणि शेवटी जे आलं ते रक्ताच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. जुळलं. रक्तगटांच्या त्या फरकांसाठी निवडीची गरजच नव्हती. गाव लहान होतं, एवढं पुरेसं होतं. फिशर यांच्या शिष्यानं फिशर यांच्या मताला मुरड घालणारा पुरावा उभा केला, आणि तो आला चर्चच्या कपाटातून.

इथे क्षणभर थांबा. धर्मगुरूनं अर्जात लिहिलेली आंगुस्तिया लोची आणि शास्त्रज्ञानं गणितात मांडलेलं विचलन या एकाच वास्तवाच्या दोन नोंदी आहेत. दोघांनाही एकच दिसलं होतं: माणसं थोडी, पर्याय थोडे. एकानं त्यावर सूट मागितली, दुसऱ्यानं समीकरण मांडलं. म्हणून मला धर्माचा इतिहास आणि रक्ताचा इतिहास वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाही. कोणी कोणाशी लग्न करायचं हे जगभर देवाधर्मानं ठरवलं आणि ते निर्णय शरीरात उतरले.

पुढची वर्षं भराभर जातात. 1963 साली अँथनी एडवर्ड्स यांच्यासह कावाल्ली-स्फोर्झांनी जगातल्या 15 जनसमूहांचा रक्तगटांवरून वंशवृक्ष काढला. मग आफ्रिकेच्या जंगलांत मोहिमा. मग अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट अमरमन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की शेती पश्चिम आशियातून युरोपात वर्षाला सरासरी सुमारे एक किलोमीटर अशी सरकली, आणि नुसती कल्पना सरकली नव्हती, शेतकरीच पोराबाळांसह सरकले होते. 1994 चा त्यांचा मोठा ग्रंथ आणि त्यातले जनुकांचे रंगीत नकाशे गाजले. त्या नकाशांतले काही आकृतिबंध गणिताच्या पद्धतीमुळेही उमटू शकतात, हे नंतर इतरांनी दाखवलं. शेतकरी चालत आले होते हा मूळ मुद्दा मात्र प्राचीन हाडांतल्या डीएनएनं पक्का केला.

एका जागी मात्र तुम्हाला उतरायलाच हवं. 1990 नंतरचा काळ. कावाल्ली-स्फोर्झा आणि सहकाऱ्यांनी 1991 साली हाक दिली, की जगभरच्या लहान समूहांचे नमुने वेळेत गोळा करायला हवेत. तुम्ही आता अशाच एका आदिवासी गावात बसला आहात आणि पुन्हा कोणीतरी म्हणतं आहे, बाही वर करा. पण शेजारी ओळखीचे धर्मगुरू नाहीत. आहे तो अनोळखी माणूस, अनोळखी भाषेतला कागद आणि आजवर ज्यांनी जमीन नेली, त्यांच्यासारखाच दिसणारा चेहरा. तुम्ही विचारता, याचं पेटंट कोणाचं? पैसे कोणाला? 1993 साली आदिवासींच्या जागतिक परिषदेनं नमुने गोळा करण्याच्या या प्रकल्पाला रक्तपिपासू ठरवलं. कावाल्ली-स्फोर्झा आयुष्यभर वंशश्रेष्ठत्वाच्या विरोधात बोलत आले होते, त्यांना हे लागलं असणार. तरीही माझ्या मते विचारणाऱ्यांचं बरोबर होतं. विश्वास गृहीत धरून चालत नाही. तो कमवावा लागतो, आणि पार्माच्या दरीत तो त्या धर्मगुरूंनी आयुष्यभर तिथे राहून कमावला होता.

पुढे त्याच प्रकल्पातून 2002 साली 52 समूहांतल्या हजाराहून जास्त जणांच्या पेशींचा संग्रह पॅरिसमध्ये उभा राहिला. त्याच नमुन्यांवरून निघालेला निष्कर्ष असा, की माणसामाणसांतला 93 ते 95 टक्के फरक एकाच समूहातल्या दोन व्यक्तींमध्ये असतो. समूहासमूहांतला फरक उरलेल्या थोड्या टक्क्यांचा. भारतातला एकही समूह त्या संग्रहात नाही.

पण आपल्याकडे ही चौकशी त्याहून जुनी आहे. पार्माच्या वर्गात मोरोनी बोलले त्याच्या दोन वर्षं आधी, 1949 साली, एल. डी. संघवी आणि वसंत खानोलकर यांनी मुंबईतल्या, आपापसातच लग्न करणाऱ्या सहा समूहांचे अनुवंशिक गुण तपासून प्रसिद्ध केले होते. तुम्ही त्या काळच्या मुंबईत उभे राहिलात तर चक्रावून जाल. एकच चाळ, एकच नळ, एकच गिरणीचा भोंगा. मध्ये खिंड नाही, बर्फ नाही. तरी या दारातून त्या दारात लग्न जात नाही.

पुढे डीएनएनं या न दिसणाऱ्या खिंडीचं वय सांगितलं. 2013 च्या एका अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह सर्रास एकमेकांत मिसळत होते. नंतर ते थांबलं. 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी दक्षिण आशियातले 263 समूह तपासले. त्यांतल्या 81 समूहांचं मूळ इतक्या थोड्या पूर्वजांत सापडलं, की लहान मूळवस्तीसाठी जगभर ज्यांचं उदाहरण देतात ते फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यूसुद्धा मागे पडले. या 81 पैकी 14 समूहांची आजची लोकसंख्या दहा लाखांहून जास्त आहे. दहा लाखांचं गाव, आणि तेही अपुरं. एवढ्या आखूड कुंपणात एखादा दोष शिरला तर तो घरोघर फिरतो. आंध्रातल्या वैश्य समाजात काहींना भूल देताना स्नायू सैल करणारं एक नेहमीचं औषध दिलं तर त्याचा अंमल लवकर उतरत नाही. हे आता भूलतज्ज्ञांना माहीत आहे, म्हणून ते आधीच विचारतात.

पार्माच्या दरीतल्या गावांना डोंगरानं कोंडलं होतं. रस्ते झाले, आगगाडी आली, मुलं शहरात गेली आणि नात्यातली लग्नं झपाट्यानं कमी झाली. आपल्याला कोणत्या डोंगरानं कोंडलं होतं?

शेवटी तुम्ही नाशिकला रामकुंडावर या. कावाल्ली-स्फोर्झा 31 ऑगस्ट 2018 रोजी गेले, पण त्यांच्या चोपड्यांची भावंडं इथे आहेत. तुम्ही गाव आणि आडनाव सांगता, तीर्थपुरोहित आत जातात आणि लाल कापडात बांधलेली नामावळी घेऊन येतात. पानं उलटतात. तुमच्या आजोबांची सही निघते, तिच्यावर त्यांच्या वडिलांची, मोडीत. छातीत काहीतरी हलतं. वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्येही ट्रेंटच्याच नियमानं लिहिलेली बाप्तिस्म्याची पुस्तकं आहेत. ज्यांची ती आहेत त्यांनी ती वाळवीपासून आणि ओलीपासून जपावीत. आणि पार्माच्या चोपड्यांतून तीनशे वर्षांचा माग लागला, तो त्यांत आई कोण आणि नवरी कुठल्या गावची हे लिहिलेलं होतं म्हणून, हे ध्यानात ठेवा. पुरोहित लेखणी पुढे करतील तेव्हा स्वतःच्या आणि वडिलांच्या नावावर थांबू नका. आईचं माहेरचं नाव आणि गाव लिहा. आजीचं लिहा. आठवत असेल तर पणजीचंही लिहा.